उजेड होता, ऊब नव्हती: पार्सलनं आलेल्या १०२ पिल्लांचे पहिले आठ दिवस

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले, मी अंथरूण टाकत होते, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "ताई, पिल्लं आल्यात, पण लई वरडायला लागल्यात. सात मेली. औषध काय हाय का तुमच्याकडं?"

मी खटाव तालुक्यात पशुसखीचं काम करते. 'उमेद'च्या बचत गटांतल्या बायकांच्या शेळ्या-कोंबड्या बघायच्या, जंताचं औषध पाजायचं, लशीचे दिवस लक्षात ठेवायचे आणि आपल्या हाताबाहेरचं दिसलं की डॉक्टरांना फोन लावायचा. वहिनी आमच्याच गटातल्या. गटाच्या अंतर्गत कर्जातून त्यांनी सुधारित गावरान जातीची शंभर पिल्लं मागवली होती. त्यातली २१ पहिल्या चार दिवसांत गेली. एकही रोगानं गेलं नाही. आणि त्या रात्री घरातलं प्रत्येक माणूस, पहिली दहा मिनिटं मीसुद्धा, रोगच शोधत होतं. म्हणून हे सगळं नोंदवहीतून उतरवून काढलं.

पिल्लं कशी आली

हॅचरी, म्हणजे पिल्लं उबवून विकणारं केंद्र, पुण्याच्या पलीकडची. फोनवर ऑर्डर, मोबाईलवरून पैसे, पिल्लू ३५ रुपयांना, पार्सलचे २५० वेगळे. पेटी नेहमीची पुठ्ठ्याची: आत चार खण, खणात पंचवीस-पंचवीस पिल्लं, चारी बाजूंनी भोकं. शंभराच्या बिलावर दोन जादा टाकलेली, म्हणजे १०२.

पेटी मंगळवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये चढली. बुधवारी पहाटे सहाला ती साताऱ्यात उतरायची होती. खंबाटकी घाटात गाडी अडकली आणि अकरा वाजले. वहिनींच्या मुलाचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, तो दोन वाजता मोकळा झाला. तोपर्यंत पेटी पार्सलच्या फरशीवर, दाराच्या तोंडाशी. मग मोटारसायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून कोरेगाव, पुसेगाव करत पोरगं साडेपाचला घरी पोचलं. जानेवारीतलं ऊन उतरलं की आमच्याकडं अंगात स्वेटर असूनही दात वाजतात. त्या भोकांतून किती वारं गेलं असेल, याचा हिशेब पोरानं केला नाही. त्याला दोष देत नाही. पेटीला वारं लागू नये म्हणून पोतं गुंडाळ आणि भोकं मोकळी ठेव, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की पार्सलनं पिल्लं मागवणं हाच वेडेपणा. तसं नाही. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढू शकतं. त्याच जोरावर अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं चक्क टपालानं जातात. आपल्याकडं ट्रॅव्हल्स, एसटी, टेम्पो.

पण या बहात्तर तासांच्या हिशेबात एक खोच आहे. एकविसाव्या दिवशी सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही पिल्लं आधी बाहेर येतात आणि बाकीच्यांची वाट बघत मशीनमध्येच बसून राहतात. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात एक दिवसाचं, कधी त्याहून जास्त अंतर पडतं. पेटीवर सोमवारची तारीख होती. म्हणजे आधी फुटलेल्या पिल्लांनी बुधवारी रात्री आपली शिदोरी जवळजवळ खाऊन संपवलेली असणार. "एक दिवसाची पिल्लं" हा बिलावरचा शब्द, पोटातला हिशेब वेगळा.

रात्री काय दिसलं

वैरणीच्या खोलीत पत्र्याच्या छपराखाली पुठ्ठ्याचं गोल रिंगण केलेलं. मधोमध टांगलेला बल्ब, आणि उजेड म्हणाल तर लग्नघरासारखा. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र, एका ताटलीत पिल्लांचं खाद्य, एका वाटीत हौदातलं पाणी. रिंगण नीटनेटकं होतं. वहिनींनी मोबाईलवर बघून, चिकाटीनं सगळं केलं होतं.

पिल्लं मात्र बल्बाखाली नव्हती. सगळी भिंतीकडच्या बाजूला एकावर एक चढून ढीग करून बसली होती आणि एकसारखी, टोचणारी चिरचिर चालू होती. पोट भरलेल्या, उबेत असलेल्या पिल्लांचा आवाज बारीक, तुटक, आपापसांत कुजबुजल्यासारखा असतो. हा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.

मी ढिगाऱ्यातलं एक पिल्लू उचललं आणि त्याचे पाय माझ्या गालाला लावले. बर्फ. दुसरं, तिसरं, तसंच. पायांची कातडी सुरकुतलेली, त्यावरची शीर काळसर, दोऱ्यासारखी उठून दिसत होती. हे अंगातलं पाणी आटल्याचं लक्षण. मग हात बल्बाखाली कागदावर ठेवला. कागद गार.

"बल्ब कितीचा आणलाय?"

"शंभरचा," वहिनी म्हणाल्या. "दुकानदार म्हणला, बाराचा हाय पण शंभरएवढा हाय."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. बारा वॉटचा एलईडी जुन्या शंभरच्या पिवळ्या बल्बाइतका उजेड देतो. वहिनींनी मोबाईलवर ऐकलं होतं की पिल्लामागं एक ते दोन वॉट धरा. त्या "शंभरचा बल्ब द्या" म्हणाल्या आणि त्यांनी शंभरचा उजेड विकत आणला. जुना बल्ब वीज खायचा आणि त्यातल्या बहुतेक विजेची नुसती उष्णता करायचा. आपण त्याला त्यासाठीच शिव्या दिल्या आणि घराघरांतून हाकलला. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या रिंगणात, तोच दोष आपल्याला हवा असतो. आता गावात पिवळा बल्ब मागितला तर दुकानदार वर बघतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअस ऊब लागते. पुढं दर आठवड्याला पाच-पाच फॅरनहाइटनं उतरवायची. त्या खोलीत माझ्याच नाकातून वाफ निघत होती. नुकत्या निघालेल्या पिल्लाला स्वतःचं अंग तापतं ठेवता येत नाही, त्याच्या अंगावर लव असते, पिसं नसतात. गारठलेलं पिल्लू दाण्याकडं जात नाही, पाण्याकडंही जात नाही, ते फक्त शेजारच्याच्या पोटाखाली शिरायला बघतं. आणि ढिगात जे तळाला जातं ते गुदमरतं. पेटी उघडली तेव्हा चार मेलेली होती, नंतरची तीन या ढिगाखालची.

मुलानं तोवर घमेल्यात निखारे भरून आणले आणि दार लावून घेतलं. मी त्याला तसाच बाहेर पाठवला. बंद खोलीत निखाऱ्याचा वायू पिल्लांना मारतो आणि माणसालाही. घमेलं वापरायचं तर खिडकी उघडी हवी, आणि खिडकी उघडी म्हणजे पुन्हा वारं.

पिल्लं पुन्हा पेटीत

वहिनींना पटेना, पण पहिलं काम मी हे केलं की सगळी पिल्लं रिंगणातून काढून पुन्हा त्यांच्या पेटीत घातली आणि पेटी स्वयंपाकघरात चुलीपासून तीन हात लांब ठेवली. पंचवीसच्या खणात पिल्लं एकमेकांच्या अंगानं तरी तापतात, आणि खण लहान असल्यानं ढीग फार मोठा होत नाही.

बल्ब शोधायला मुलगा गावात निघाला. दुकानं बंद. शेवटी त्याला आठवलं ते मंडपवाल्याचं गोदाम. तिथं जुन्या माळांबरोबर २०० वॉटचे दोन पिवळे बल्ब धूळ खात पडलेले मिळाले. अकराच्या सुमाराला त्यातला एक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जमिनीपासून दीड हातावर टांगला, खाली लाकडाच्या भुशाचा दोन बोटं थर आणि वर वर्तमानपत्र चुरगळून, सुरकुत्या पाडून अंथरलं. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि दोन दिवसांत ते तसेच बसतात. शेंगांची टरफलं घरात पोतंभर होती, वहिनी तीच घालणार होत्या. मी नको म्हटलं, कारण तळातली टरफलं बुरसलेली होती आणि ती बुरशी पिल्लांच्या छातीत बसते.

अर्ध्या तासानं बल्बाखालच्या कागदावर हात ठेवला, तेव्हा ऊब हाताला लागली. मगच पिल्लं बाहेर काढली.

पाणी हे दाण्याच्या आधी. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम गूळ विरघळवला, गाळून घेतला. पसरट ताटल्यांत ओतून त्यात ओढ्यातले धुतलेले गोटे ठेवले, म्हणजे पिल्लू आत पडून भिजत नाही. भिजलेलं पिल्लू गारठ्याच्या रात्री गेलंच म्हणून समजा. मग एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच पाण्यात बुडवायची. नुसती चोचीची टोकं, नाकपुड्या नाहीत. पिल्लू क्षणभर थांबतं, मग मान वर करतं आणि घशाखाली उतरवतं. ते दिसलं की खाली सोडायचं आणि पुढचं घ्यायचं. पंच्याण्णव पिल्लांना आम्हाला तिघींना तासभर लागला. तिसरी म्हणजे वहिनींच्या सासूबाई. सगळा गाव त्यांना आजी म्हणतो, मीही. आजी कोपऱ्यात गुडघे उभे करून बसल्या होत्या आणि आमच्या दुप्पट वेगानं पिल्लं पाजत होत्या.

गुळाचं पाणी तेवढ्या रात्रीपुरतंच. लोक बरं असतं म्हणून चार-चार दिवस देतात आणि मग पिल्लं पातळ हगतात. सकाळी साधं उकळून कोमट केलेलं पाणी चालू केलं.

दाणे पाण्यानंतर दोन-अडीच तासांनी. मक्याचा बारीक भरडा कागदावरच भुरभुरला. ताटली त्या वयाच्या पिल्लाला कळत नाही. त्याला पायाखाली काहीतरी टोचायला हवं. बोटानं कागदावर टकटक केलं की पाच-सहा पिल्लं धावत येतात, कारण कोंबडी तसंच करते.

मग अडीच वाजता लाईट गेली.

आजींची खुडूक कोंबडी

चुलीवर पाण्याचं पातेलं तयार होतं. काचेच्या बाटल्यांत कढत पाणी भरून, त्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून रिंगणात आडव्या ठेवल्या, वर डालगं पालथं घातलं आणि डालग्यावर गोधडी, एका बाजूनं हवा जाईल अशी. पिल्लं बाटल्यांना चिकटून बसली. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बाटल्या बदलायच्या.

दहा पिल्लं अशी होती की उभी राहत नव्हती. मान टाकलेली, डोळे मिटलेले. मी त्यांना टोपलीत वेगळी काढून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर ती हिशेबातून वजाच केली होती. आजी उठल्या, परसात गेल्या आणि अंधारातच त्यांनी एकेक करून ती दहा पिल्लं घरच्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. ती आठ दिवसांपासून चार अंड्यांवर बसलेली. अंडी त्यांनी काढून घेतली.

मी म्हटलं, "आजी, मोठ्या कोंबड्यांत सोडू नका. त्यांच्या अंगची मानमोडी लागंल."

"आगं, मानमोडी आठ दिसांनी लागंल. ही तर पाटंपत्तुर बी ऱ्हात न्हाईत."

"आणि तिनं टोचली तर?"

"अंधारात कोंबडीला मोजाय येत न्हाई."

माझं म्हणणं पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं. लस न झालेलं पिल्लू बाहेर हिंडणाऱ्या कोंबडीजवळ जाऊ देऊ नये, हे मी आजही प्रत्येक घरी सांगते. पण त्या दहांतली नऊ जगली. माझ्या बल्बाखाली तशीच ठेवली असती तर किती जगली असती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही. ती कोंबडी आणि तिची नऊ पिल्लं पुढं महिनाभर वेगळ्या खोपटात ठेवायला लावली, एवढीच माझी राखलेली बाजू.

पावणेचारला लाईट आली. सहा वाजता मी पिल्लांच्या गळ्याखालच्या पिशव्या चाचपल्या. हे काम प्रत्येकानं पहिल्या सकाळी करावं, याला पैसा लागत नाही. पिल्लू तळहातावर घ्यायचं आणि दोन बोटांनी मानेच्या बुडाशी हलकं दाबायचं. दाणा-पाणी दोन्ही गेलं असेल तर पिशवी भरलेली, मऊ, शिजलेल्या लापशीसारखी लागते. टणक, खडबडीत लागली तर दाणे गेलेत पण पाणी नाही. फुग्यासारखी डुचमळली तर नुसतं पाणी. आणि काहीच लागलं नाही तर त्या पिल्लाला खाणं अजून कळलेलंच नाही. सकाळी अशी रिकाम्या पिशवीची चौदा निघाली. त्यांना वेगळं करून पुन्हा चोच बुडवण्यापासून सुरुवात केली. रात्रीत सहा गेली होती.

गुरुवारची दोन माझ्या खात्यावर

मी सातला घरी आले. निघताना म्हटलं, "ऊब कमी पडू देऊ नका." एवढंच म्हटलं.

दुपारी दोनला परत गेले तर वहिनींनी दुसराही २०० चा बल्ब लावलेला, दोन्ही वीतभर खाली ओढलेले आणि रिंगणावर ताडपत्री. बाहेर कडक ऊन. पिल्लं बल्बापासून जितकी लांब जाता येईल तितकी लांब, पुठ्ठ्याला छाती लावून, पंख पसरून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होती. दोन आडवी पडली होती. ऊब कधी कमी करायची हे मी सांगितलंच नव्हतं. माणूस एकदा गारठ्यानं पोळला की दुसऱ्या दिवशी उन्हानं पोळून घेतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

ताडपत्री काढली, एक बल्ब बंद केला, दुसरा वर ओढला. पंधरा मिनिटांत पिल्लं पांगली. मग वहिनींना रिंगणाजवळ बसवून दाखवलं: बल्बाखाली गर्दी म्हणजे गार, कडेला कड धरून म्हणजे गरम, सगळी एकाच बाजूला म्हणजे समोरच्या बाजूनं वारं लागतंय, आणि सगळीकडं सारखी पांगलेली, काही झोपलेली, काही टोचतायत, तर हात लावू नका. तापमापी मी नंतर आणून दिली, पण खरं सांगते, ती भिंतीवर लटकलेलीच राहिली. वहिनी पिल्लंच बघायच्या.

त्याच दुपारी बुडं चिकटलेली दिसली. प्रवासाचा, गारठ्याचा, उकाड्याचा ताण पडला की पिल्लाची विष्ठा बुडाला चिकटून वाळते, बूच बसतं आणि पिल्लू तुंबून मरतं. अकरा पिल्लं तशी होती. वहिनींची धाकटी मुलगी मदतीला बसली आणि तिनं एका पिल्लाच्या पोटावरची सुकलेली काळी खपली ओढायला बोट लावलं. आजींनी तिचा हात धरला. ती बेंबी. बेंबी आणि बूड यांच्यात बोटभरही अंतर नसतं, आणि बेंबीची खपली ओढली तर आतडं बाहेर येतं. आजींनी मग स्वतः करून दाखवलं: कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं बुडाला धरून ठेवायचं, गाणं म्हणायला लागावं इतका वेळ, वाळकं आपोआप सुटलं की पुसून कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचं बोट लावायचं. ओढायचं नाही. ओढलं की लवेबरोबर कातडी येते आणि रक्त दिसलं की बाकीची पिल्लं तिथंच टोचतात.

"औषध द्या की"

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. वडूजच्या दुकानदारानं मुलाला अँटिबायोटिकची पुडी दिलीही होती. मी ती उघडू दिली नाही, पण "रोग नाही" असं मी कशाच्या जोरावर म्हणायचं? म्हणून रात्री मेलेल्यांपैकी तीन पिल्लं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ब्लेडनं उघडली.

हॅचरीतूनच बेंबीचा संसर्ग घेऊन आलेली पिल्लं असतात, तेव्हा पोट फुगीर, निळसर असतं, बेंबी ओली असते आणि आतला बलक पाणचट होऊन घाण वास मारतो. इथं तसलं काही नव्हतं. बेंब्या वाळलेल्या. दोन पिल्लांत बलक हरभऱ्याएवढा उरलेला, पिवळा, वास नाही. मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर, हे पाणी न मिळाल्याचं. आणि पेटा, कलेजी-पेटा म्हणतो त्यातला, दोघांचा साफ रिकामा. तिसऱ्याच्या पेट्यात कागदाचे बारीक तुकडे सापडले. त्याला भूक लागली होती, टोचायचं कळलं होतं, आणि टोचायला पायाखाली वर्तमानपत्रच होतं.

फोटो काढून डॉक्टरांना पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: अँटिबायोटिक नको, ऊब-पाणी-दाणा सांभाळा, दोन दिवसांत मरतूक थांबली नाही तर मेलेलं पिल्लू घेऊन या. मेलेली पिल्लं चुना टाकून हातभर खोल पुरली. पुडी परत गेली, दुकानदारानं पैसे दिले नाहीत, बदल्यात तूर चुन्नी दिली.

नोंदवहीतले आकडे

आलेली १०२. बुधवारी पेटीत मेलेली ४, संध्याकाळी ढिगाखाली ३. बुधवारची रात्र ६. गुरुवार ५, त्यातली दोन उकाड्याची. शुक्रवार २. शनिवार १. रविवारपासून शून्य. एकूण २१, उरली ८१.

पहिल्या आठवड्यात शेकडा एक-दोन पिल्लं जाणं धरूनच चालायचं असतं. इथं शेकडा वीसच्या वर गेली. पैशात बघायचं तर २१ गुणिले ३५, म्हणजे ७३५ रुपये. वहिनींनी विक्रेत्याला फोन केला. त्याचं म्हणणं, पेटी उघडतानाचा व्हिडिओ असेल तर पेटीत मेलेल्यांची भरपाई, बाकीची जबाबदारी आमची नाही. व्हिडिओ नव्हता. २०१९ चं कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली लोकांचे पैसे बुडाल्याचं प्रकरण आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं आजूबाजूच्यांनी लगेच "फसवलं" म्हणायला सुरुवात केली. मला तसं वाटत नाही. पिल्लं निरोगी होती. गाडी उशिरा आली, पेटी वाऱ्यात आली आणि आल्यावर ऊब मिळाली नाही, एवढंच झालं. पण हॅचरीनं निघतानाच "पिवळा बल्ब आदल्या दिवशी लावून ठेवा" एवढा एक मेसेज टाकला असता तर त्यांचं काय गेलं असतं, हे मात्र मला समजत नाही.

बाकीचं थोडक्यात. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस हॅचरीतूनच झालेली होती, बिलावर तसं लिहिलेलं बघून घेतलं. सातव्या दिवशी, पिल्लं सावरलेली पाहून, मानमोडीवरच्या लासोटा लशीचा एकेक थेंब डोळ्यात टाकला. लस वडूजहून बर्फाच्या थर्मासमध्ये आणली, संध्याकाळी कालवली आणि तासाभरात संपवली. चौदाव्या दिवशी गंबोरो या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. रक्ती हगवण आली नाही, कारण पाण्याच्या भांड्याखालचा ओला भुसा वहिनी रोज सकाळी काढून टाकायच्या. दोन पिल्लं तिसऱ्या आठवड्यात मांजरानं नेली. पहिल्या संध्याकाळच्या गुळगुळीत कागदावर पाय फाकलेलं एक होतं. दोन्ही पायांत लोकरीच्या धाग्याची बेडी घालून चार दिवस ठेवलं, तरी ते उभं राहिलं नाही. दोन महिन्यांनी ७८ पक्षी होते. आजींची कोंबडी एवढीशी, आणि तिची नऊ सुधारित पोरं तिच्याहून थोराड झाली तरी रात्री तिच्याच पोटाखाली डोकी खुपसायची. बाकी सगळं अंग बाहेर.

फाल्गुनात वहिनींनी पुन्हा पन्नास पिल्लं आणली. या वेळी पार्सल नको म्हणाल्या. कोल्हापूरच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आधीच नंबर लावून ठेवला, स्वतः एसटीनं गेल्या आणि पेटी मांडीवर घेऊन दुपारी तीनला घरी आल्या. मी पोचले तेव्हा बल्ब आदल्या संध्याकाळपासून चालू होता, पिवळा, आणि त्याच्या शेजारी दुसरा गुंडाळून ठेवलेला. भुसा हाताला कोमट लागत होता. मुलानं पेटी उघडताना व्हिडिओ घेतला. वहिनींनी पहिलं पिल्लू उचललं आणि कुणाशी काही न बोलता त्याचे पाय गालाला लावले.

"गार न्हाईत," त्या म्हणाल्या.

आजी चुलीपाशी गूळ फोडत होत्या. मी चहा घेऊन दिवेलागणीला घरी परत आले.